लाल देऊळ ते रास्ता पेठ : पुण्यातला ज्यू वारसा, पायी आणि ताटातून

पायवाट

बारा ते पंधरा जणांसाठी रविवार सकाळची फेरी आखायची आहे. ससून रुग्णालय, लाल देऊळ, रास्ता पेठेतलं सिनेगॉग (ही दोन्ही ज्यू प्रार्थनास्थळं) असं चालायचं आणि शेवटी एका छोट्या हॉलमध्ये बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यूंच्या, पद्धतीचं खाणं, असा बेत आहे. एकूण वेळ साडेतीन-चार तास. जाणकारांकडून चार गोष्टी हव्यात:

चालण्याचा क्रम काय ठेवावा आणि कुठे किती थांबावं? आत जायची परवानगी कशी आणि किती आधी मागावी? ताटात काय असावं, पंधरा माणसांच्या मापाने? आणि वर्षातली कोणती तारीख टाळावी?

नेटवर जे सापडतं त्यात 'ससून ससून' यापलीकडे फारसं काही नाही, म्हणून हा धागा.

चुनाविटा

'ससून'पलीकडे जायचं असेल तर पहिल्याच थांब्यावर एक गोष्ट स्पष्ट सांगा. पुण्यात ज्यूंचे दोन वेगळे समाज होते आणि आहेत. एक बगदादी. हे एकोणिसाव्या शतकात व्यापारासाठी आले, घरात अरबी आणि पुढे इंग्रजी बोलत, आणि कॅम्प भागात वावरले. दुसरे बेने इस्राएल. हे मूळचे कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातले, शेकडो वर्षं मराठी बोलणारे. मुंबई इलाख्याच्या पलटणींतून आणि सरकारी नोकऱ्यांतून ते पुण्यात आले आणि रास्ता पेठेच्या आसपास स्थिरावले. लाल देऊळ पहिल्यांचं, रास्ता पेठेतलं सुक्कथ शेलोमो दुसऱ्यांचं. हा फरक कळला की दोन्ही इमारती आपोआप वाचता येतात.

क्रम : ससून, लाल देऊळ, रास्ता पेठ. उलटा करू नका. मोठ्या इमारतीकडून छोट्या इमारतीकडे गेलं की छोटी नीट दिसते. रास्ता पेठेतलं सिनेगॉग आधी पाहिलं तर लाल देवळाच्या मनोऱ्यापुढे ते लोकांच्या लक्षातही राहत नाही.

ससून (पाऊण तास, बाहेरूनच) : डेव्हिड ससून १७९२ साली बगदादला जन्मले, १८३२ च्या सुमारास मुंबईत आले. त्यांच्या देणगीतून हे रुग्णालय उभं राहिलं आणि १८६७ मध्ये सुरू झालं. जुनी दगडी इमारत गॉथिक धाटणीची, आराखडा कर्नल हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांचा. मुंबईचं जुनं सचिवालयही त्यांचंच. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री गांधीजींचं अपेंडिक्सचं ऑपरेशन कर्नल मॅडॉक यांनी केलं ते याच रुग्णालयात. पण हे चालतं सरकारी रुग्णालय आहे. पंधरा जणांचा घोळका वॉर्डाकडे नेऊ नये, रुग्णांचे फोटो येतील अशा बाजूला कॅमेरा धरू नये. रस्त्याच्या कडेला उभं राहून जे दिसतं तेवढं पुरे.

तिथून साधू वासवानी चौकाकडून मोलेदिना रस्त्याने खाली लाल देऊळ. रमतगमत वीस मिनिटं. खूण म्हणजे नेहरू मेमोरियल हॉल.

लाल देऊळ (एक तास) : खरं नाव ओहेल डेव्हिड, म्हणजे दाविदाचा तंबू. बांधकाम १८६३ ते १८६७, आराखडा पुन्हा विल्किन्स यांचा. लाल वीट आणि आपला काळा दगड यांची जोड, आणि साधारण ९० फुटांचा घड्याळाचा मनोरा. टोकदार कमानी आणि मनोरा पाहून निम्मे लोक याला चर्च समजतात. ते समजणं चुकीचं असलं तरी कारण खरं आहे : त्या काळात सार्वजनिक इमारतींना हीच धाटणी चालत होती, मग रुग्णालय असो की प्रार्थनास्थळ. म्हणूनच ससून आधी दाखवायचं. एकाच माणसाने एकाच सुमारास आखलेल्या दोन इमारती वीस मिनिटांच्या अंतराने पाहिल्या की कमानींची नक्कल लोकांना स्वतःच दिसते, सांगावी लागत नाही.

डेव्हिड ससून १८६४ मध्ये पुण्यातच वारले. इमारत पुरी झालेली त्यांनी पाहिली नाही. त्यांची कबर याच आवारात, वेगळ्या छोट्या बांधकामात आहे. तिथे हार-फुलं नेऊ नका, उदबत्ती तर नाहीच.

तिथून क्वार्टर गेट चौकातून रास्ता पेठ, पंधरा-वीस मिनिटं.

तिथीवार

धाग्यासाठी धन्यवाद. तारखेचा प्रश्न मी घेतो, कारण बहुतेक बेत इथेच फिसकटतात.

शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री चांदण्या दिसेपर्यंत. त्या वेळात पाहुण्यांसाठी दार नाही, आणि आत कुणी असलं तरी लिहिणं, दिवे लावणं, फोटो हे सगळं वर्ज्य. म्हणजे रविवार निवडलात ते उत्तम. पण परवानगीचा शेवटचा फोन शुक्रवारी संध्याकाळी करायचा आणि शनिवारी पक्कं करून घ्यायचं, हे जमणार नाही. गुरुवारपर्यंत सगळं पक्कं हवं.

दुसरी चूक कॅलेंडरची. ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. छापील कॅलेंडरवर सण ज्या तारखेला दिसतो, तो प्रत्यक्षात आदल्या संध्याकाळी लागलेला असतो. आदल्या दिवशी दुपारी चारला जाऊन 'सण तर उद्या आहे' म्हणणारे पुष्कळ असतात. तेव्हा तिथे तयारीची धांदल चालू असते.

कोणते दिवस टाळायचे हे आपल्या पंचांगावरून अंदाजाने कळतं, कारण दोन्हीकडे महिने चंद्राचे आणि वर्ष सूर्याशी जुळवलेलं. नवं वर्ष, रोश हशाना, अमावास्येनंतर लागतं. बऱ्याच वर्षी ते घटस्थापनेच्या आगेमागे येतं. २०२२, २०२४ आणि २०२५ साली तसंच झालं. त्यानंतर दहाव्या दिवशी योम किप्पूर, कडक उपास. मग पौर्णिमेला सुक्कोथ, म्हणजे आपल्या कोजागरीच्या सुमारास. पुरीम होळी पौर्णिमेच्या जवळ आणि पेसाह चैत्री पौर्णिमेच्या. मात्र त्यांच्याकडे अधिक महिना नेहमी अदारचाच, १९ वर्षांत ७ वेळा ठरलेला. आपला अधिक महिना बहुधा चैत्र ते आश्विन यांतल्या कोणत्याही महिन्याला लागू शकतो. म्हणून काही वर्षी महिनाभराचा फरक पडतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, तेव्हा रोश हशाना १५ सप्टेंबरच्या संध्याकाळी लागलं आणि घटस्थापना १५ ऑक्टोबरला. तेव्हा अंदाज पंचांगावरून घ्या, पक्की तारीख हिब्रू कॅलेंडरवरून.

बेने इस्राएल घरांत या सणांना मराठी नावं आहेत, ती गटाला जरूर सांगा. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण. योम किप्पूर म्हणजे दारफाळणीचा सण, कारण त्या दिवशी दारं लावून घरात उपास आणि प्रार्थना. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. पुरीम म्हणजे होळीचा सण. आणि तिशा बाव, जेरुसलेमचं मंदिर पडलं त्याचा उपास, तो बिरड्याचा सण. नाव ऐकल्याबरोबर ताटात काय असणार ते कळतं.

खलबत्ता

बिरड्याचं नाव निघालंच आहे तर खाण्याकडे येते.

आधी तीन नियम, कारण सगळ्या पाककृती यांच्यावर उभ्या आहेत. मांस आणि दूध एका जेवणात नाही. मासा फक्त पर आणि खवले असलेला, म्हणजे रावस, बांगडा, रोहू चालतात. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, मोरी, मागूर नाहीत. आणि रक्त वर्ज्य, म्हणून मांस आधी अर्धा तास पाण्यात, मग एक तास जाड मिठात, मग तीनदा धुऊन. कलेजी मिठाने भागत नाही, ती विस्तवावरच भाजावी लागते.

पहिल्या नियमामुळे सगळं स्वयंपाकघर नारळाच्या दुधावर चालतं. मटणाच्या रश्शात दही नाही, जेवणानंतरच्या गोडात दूध-तूप नाही. कोकणात नारळ दारात असल्यामुळे हा नियम पाळणं सोपं गेलं आणि त्यातून चव तयार झाली. लोक म्हणतात 'हे तर आपल्या कोकणातलंच जेवण आहे'. आहेच. पण बर्फीच्या ताटाला तुपाचा हात न लावता खोबरेलाचा लावतात, यामागे धर्माचा नियम आहे हे दाखवून द्यायला हवं.

पंधरा माणसांसाठी माझा बेत असा : वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी, मलिदा, चिकाचा हलवा, मनुकांचं सरबत. सगळं शाकाहारी, म्हणजे मांसाचा प्रश्नच नको.

चिकाचा हलवा हा नव्याच्या सणाचा मुख्य पदार्थ, आणि सगळ्यात जास्त बिघडतो तोही हाच. म्हणून सविस्तर.

गहू अर्धा किलो. चीक काढायची पद्धत कुरडयांचीच : भिजवायचे, वाटायचे, पिळायचे, गाळायचे, निवळू द्यायचं. फरक एवढाच की कुरडयांना तीन दिवस भिजवलेला गहू चालतो, थोडा आंबूसपणा तळताना जातो. हलव्यात तो राहतो. म्हणून दोनच दिवस भिजवा, आणि पाणी सकाळ-संध्याकाळ बदला. सप्टेंबरच्या दमट हवेत एक वेळ चुकली तरी वास धरतो. वाटल्यावर दोनदा कपड्यातून पिळून घ्या, सात-आठ तास न हलवता ठेवा, वरचं पाणी पूर्ण ओतून टाका. खाली घट्ट चीक साधारण दोन कप मिळतो.

नारळ तीन, मोठे. दाट आणि पातळ मिळून दूध सहा कप. साखर तीन कप. मीठ पाव चमचा, हे विसरू नका, नारळाच्या दुधाला त्याशिवाय चव येत नाही. वेलची पूड दीड चमचा, पाव जायफळ. बदाम-पिस्त्याचे काप मूठभर.

चीक, दूध, साखर, मीठ हे सगळं थंड असतानाच जाड बुडाच्या पातेल्यात एकत्र करून गाळून घ्या, मग गॅस पेटवा. गरम दुधात चीक ओतला की गुठळ्या होतात आणि त्या नंतर मोडत नाहीत. मध्यम आचेवर लाकडी कलथ्याने तळ खरवडत ढवळत राहा. पंधरा-वीस मिनिटं काहीच घडत नाहीसं वाटतं, आणि मग दोन मिनिटांत तळाशी एकदम धरायला लागतं. त्या क्षणी आच बारीक करायची आणि हात थांबवायचा नाही. त्यापुढे पाऊण ते एक तास.

झाला कधी म्हणायचा? पांढरट, पिठूळ दिसतो तोवर कच्चा. शिजत जातो तसा तो चमकदार आणि किंचित आरपार होतो, कलथ्याबरोबर गोळा फिरतो, आणि कडेने नारळाचं तेल सुटायला लागतं. थंड बशीवर थेंब टाका. मिनिटभराने बोटाला न चिकटता उचलता आला तर झाला. घाईने आधी उतरवला तर ताटात सेट झाल्यासारखा दिसतो, पण सुरी चिकटते आणि जिभेवर कच्च्या पिठाची चव राहते. वेलची-जायफळ शेवटी. गुलाबी रंग घालतात, ऐच्छिक आहे.

खोबरेलाचा हात लावलेल्या दोन ताटांत ओता, काप वर दाबा, चार तास बाहेरच निवू द्या. गरम असताना फ्रीजमध्ये घातला तर वर पाणी सुटतं. शंकरपाळ्याच्या आकारात चाळीसेक वड्या होतात. बाहेर एक दिवस, फ्रीजमध्ये चार. नारळाचं दूध त्यापुढे आंबतं.

आगरवाट

+१, चिकाबद्दल अगदी नेमकं लिहिलंय. चीक काढायला वेळ नसेल त्यांच्यासाठी : कॉर्नफ्लोअर अर्धा कप, नारळाचं दूध एक लिटर, चायना ग्रास १० ग्रॅम, साखर सव्वा कप. चायना ग्रास वेगळ्या कपभर पाण्यात पूर्ण विरघळवून, गाळून, कॉर्नफ्लोअर शिजल्यावर घालायची. आज पुष्कळ घरांत असाच करतात. चव जवळ जाते, पण चिकाचा लवचिकपणा येत नाही, वडी मोडते. शक्य असेल तर गव्हाचाच करा.

बिरडं मी लिहितो. वाल पाऊण किलो. रात्रभर भिजत, मग २४ तास फडक्यात बांधून मोड. सोलताना पाणी हाताला सोसेल इतकंच कोमट. कढत पाण्यात टाकले की साल सुटतं, पण डाळिंबी अर्धवट शिजते आणि नंतर फुटून लगदा होतो. फोडणीत जिरं, हिंग, कांदा, हळद. आलं-लसूण-मिरची-कोथिंबिरीचं हिरवं वाटण. मग डाळिंब्या आणि वर गरमच पाणी. कलथ्याने ढवळायचं नाही, पातेलं धरून हलवायचं.

कोकम (दहा आमसुलं) डाळिंबी बोटाने दबेपर्यंत अजिबात घालू नका. आंबट आधी पडलं की दाणा मऊ होत नाही, तासभर उकळला तरी दडदडीत राहतो. दोन नारळांचं दूध सगळ्यात शेवटी, आणि त्यानंतर फक्त एक चढती वाफ. खळखळून उकळलं की फाटतं.

तिशा बावच्या आधीच्या दिवसांत मांस टाळतात, म्हणून वाल. आषाढ-श्रावणातला दिवस, कोकणात तेव्हा साठवणीतले वाल घरात असायचेच.

पायवाट

दोघांनाही मनापासून धन्यवाद, हे सगळं उतरवून घेतलं. मलिद्याबद्दल एक विचारायचं आहे. त्याचा विधी गटाला करून दाखवता येईल का? ताट मांडायचं, त्यातल्या गोष्टी समजावायच्या, एवढंच.

खलबत्ता

विधी नको. मलिदा हे एलियाहू हन्नबी, म्हणजे एलिया संदेष्टा, याच्या नावाने केलेलं आभाराचं ताट आहे. लग्नाच्या आधी, नवस फेडताना, नव्या घरात, मूल झाल्यावर. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहूच्या रथाची खूण दगडावर आहे अशी श्रद्धा आहे आणि लोक तिथे जाऊन मलिदा करतात. प्रार्थनेशिवाय ताट मांडून 'असं करतात' म्हणून दाखवणं बरं दिसत नाही. समाजातलं कुणी स्वतःहून करायला तयार असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर पदार्थ म्हणून वाढा आणि त्याचा अर्थ तोंडी सांगा.

अर्थ सांगण्यासारखा आहे. ताटात गोड पोह्यांचा ढीग, भोवती फळं, आणि सुगंधासाठी गुलाब किंवा सब्जा. प्रत्येक गोष्टीचा आशीर्वाद वेगळा. झाडाच्या फळाला, म्हणजे खजूर, सफरचंद, चिकू यांना एक. केळं मात्र झाडाचं फळ धरत नाहीत, कारण केळीचा बुंधा वर्षानुवर्षं टिकत नाही, म्हणून त्याला जमिनीच्या पिकाचा आशीर्वाद. धान्याचा तिसरा. वासाचा चौथा, आणि तो हुंगून. ताट म्हणजे निर्मितीची एक छोटी यादीच आहे.

माप : जाड पोहे अर्धा किलो. पातळ घेऊ नका, गोळा होतो. चाळणीत धुऊन लगेच निथळत ठेवा, भिजवून ठेवायचे नाहीत. वीस मिनिटांनी दाणा बोटात चिरडला पाहिजे, पण एकमेकांना चिकटता कामा नये. दोन नारळांचं ओलं खोबरं, साखर ३०० ग्रॅम, वेलची पूड दोन चमचे, थोडं जायफळ, बदाम, पिस्ते, बेदाणे. गूळही चालतो, पण तो आधी खोबऱ्यात चुरून घ्यावा. साखर वाढायच्या तासभर आधीच मिसळा. लवकर मिसळली की पाणी सुटून पोहे ओलसर होतात. फळं कापून वर पसरू नका, बाजूला ठेवा.

चुनाविटा

अवांतर नाही, पण राहून गेलं म्हणून. रास्ता पेठेत काय पाहायचं ते.

सुक्कथ शेलोमो १९२१ सालचं. सुक्का म्हणजे फांद्यापानांचा मांडव. म्हणजे कॅम्पात दाविदाचा 'तंबू' आणि पेठेत शेलोमोचा 'मांडव'. बाप-लेकांची नावं, आणि दोन्ही निवारे वस्ती हलवताना उचलून नेता येतील असे.

आत गेल्यावर पाहायच्या गोष्टी दोन्हीकडे सारख्याच, म्हणून लाल देवळात एकदा नीट समजावल्या की इथे लोक स्वतः ओळखतात. दाराच्या उजव्या चौकटीवर वरच्या भागात मेझुझा : छोटी डबी, आत चर्मपत्रावर लिहिलेला धर्मवचनांचा मजकूर. आत जाणारा बोटांनी स्पर्श करून बोटं ओठांना लावतो. समोर हेखाल, म्हणजे पडद्यामागचं कपाट, ज्यात तोराच्या, म्हणजे मुख्य धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या असतात. ते पश्चिमेकडे, कारण इथून जेरुसलेम पश्चिमेला. मध्ये उंच चौथरा, तेवा, जिथून वाचन होतं. हेखालापुढे अखंड तेवणारा दिवा. बायकांची बसायची जागा वेगळी.

तोरा दाखवली तर तिच्या वेष्टनाकडे नजर द्या. बगदादी पद्धतीत ती कापडात न गुंडाळता लाकडी किंवा चांदीच्या उभ्या नळीत, 'तिक'मध्ये ठेवतात आणि नळी उभी ठेवूनच वाचतात. हात लावायचा नाही. वाचतानासुद्धा अक्षरावर बोट ठेवत नाहीत, दर्शक काडी वापरतात.

आणि एक विनंती : रास्ता पेठेतल्या थांब्यावर मराठीबद्दल बोला. १८७४ साली पुण्यात हग्गादा छापली गेली, पेसाहच्या रात्री घरात वाचायचं पुस्तक. हिब्रू आणि मराठी, आणि साड्या नेसून बिनखमिराची रोटी करणाऱ्या बायकांचं चित्र. हरिदासी कीर्तनाच्या धर्तीवर अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं मराठीत होत. इस्राएलमध्ये गेलेल्यांनी तिथे 'मायबोली' नावाचं मराठी त्रैमासिक चालवलं. नवगावकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, आवासकर ही गावावरून पडलेली आडनावं. गावात तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली'. मनोऱ्याची उंची कुठेही वाचायला मिळते. पुण्याचा ज्यू वारसा दगडात जितका आहे त्याहून जास्त या भाषेत आहे, आणि मराठी गटाला तो अनुवादाशिवाय कळतो. ही सोय दुसऱ्या कुणाला नाही.

पूर्वेकडची पेठ

परवानगीचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

दोन्ही ठिकाणी विश्वस्तांना लेखी पत्र, किमान दहा-बारा दिवस आधी. पत्रात तारीख, वेळ, माणसांची संख्या, नावांची यादी, जबाबदार व्यक्तीचा नंबर. सोबत सगळ्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती. सुरक्षेची काळजी तिथे खरी आहे आणि दारावरच्या माणसाशी वाद घालून काही होत नाही. यादीत नसलेला सोळावा माणूस आयत्या वेळी आणला तर सगळ्यांनाच बाहेर थांबावं लागू शकतं. मोठ्या पाठपिशव्या आणू नका. बाहेरून फोटो काढतानाही विचारा. ड्रोन अजिबात नाही.

डोकं झाकणं सगळ्या पुरुषांना आवश्यक. मोठा रुमाल किंवा टोपी सांगून ठेवा. चपलांबाबत तिथला माणूस सांगेल तसं. खांदे-गुडघे झाकलेले. 'देऊळ' नाव असलं तरी घंटा, प्रदक्षिणा, नमस्कार यातलं काही नाही. मूर्ती नाही, चित्र नाही.

प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबा. सामुदायिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. समाज लहान झालाय, दहा जमणं सोपं नाही, आणि जमले असतील तेव्हा त्यांचं लक्ष विचलित करू नये. निघताना देणगीपेटीत टाका; एवढ्या मोठ्या इमारतीची डागडुजी थोड्या लोकांच्या अंगावर आहे.

तिथीवार

नावं पत्रात ओळखपत्रावर आहेत तशीच लिहा, टोपणनावं नकोत.

आणि खाण्याबद्दल एक. समाजातल्या कुणाला पाहुणे म्हणून बोलावणार असाल तर तुमच्या भांड्यांत शिजवलेलं ते खातीलच असं धरू नका. कोशेर म्हणजे नुसता शाकाहार नव्हे, भांडीही आली. न कापलेली फळं, सीलबंद पाणी, नवे कागदी ग्लास आणि द्रोण वेगळे ठेवा, आणि आग्रह करू नका.

पायवाट

वाचनखूण साठवली. बेत असा ठरवतोय : ७.३० ससून, ८.३० लाल देऊळ, १० ला रास्ता पेठ, ११ ला खाणं. तारीख हिब्रू कॅलेंडर पाहून. वाटेत कॅम्पातल्या बेकरीत थांबून श्रूसबेरी आणि मावा केक घ्यावा असं काहींचं म्हणणं आहे.

खलबत्ता

घ्या, पण ज्यू खाणं म्हणून देऊ नका. ती इराणी बेकऱ्यांची परंपरा, वेगळी आणि तिच्या जागी सुंदर. शिवाय मावा म्हणजे दूध.

सरबत राहिलं. शब्बाथच्या किद्दूशला, म्हणजे पेला हातात घेऊन म्हणायच्या आशीर्वादाला, द्राक्षाची दारू मिळत नसे तिथे बेने इस्राएल घरांत मनुकांचं सरबत आलं. काळ्या मनुका पाव किलो, धुऊन एक लिटर पाण्यात रात्रभर फ्रीजमध्ये. बाहेर ठेवल्या तर पुण्याच्या उन्हाळ्यात सकाळपर्यंत आंबायला लागतात. सकाळी हातानेच कुस्करा. मिक्सर लावला की बिया फुटून कडवटपणा उतरतो. पातळ फडक्यातून गाळा, साखर नको. पंधरा जणांना छोटे पेले पुरतात.

८.३० ला लाल देऊळ घट्ट वाटतंय. ससूनहून निघायलाच ८.१५ होतात, वर वीस मिनिटं चाल. पत्रात पावणेनऊ लिहा आणि तिथून पुढचं सगळं पाव तासाने सरकवा.